किल्लीबाईंचं वाक्य

“आता वळू का?” भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या चष्मेवालीनं विचारलं.

“थांबा. भिंत काही पळून चाललेली नाही,” किल्लीबाई म्हणाल्या, आणि कोंबडीनं पिलांवर पंख धरावेत तसे खांदे पसरून कीबोर्डवर वाकल्या. बोटं टकटक धावली. शेवटचं बटण त्या नेहमी जरा जोरातच दाबत, दार लावून घेतल्यासारखं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, पंखा घरघरला आणि प्रसूतिगृहाचं नोंदणीचं मशीन रोजच्यासारखं उघडलं.

“हं. वळा आता.”

किल्लीबाई म्हणजे इथल्या नोंदणी कारकून. तिसऱ्या मजल्यावरची, एका खिडकीची, कोपऱ्यातली खोली त्यांची. खालून सिस्टर फोनवर सांगायच्या, “मुलगा, तीन किलो, सात वीस,” आणि या टाइप करायच्या. आधी मुलगा की मुलगी, मग वजन, मग वेळ, आणि त्यानंतर आईचं नाव, पत्ता वगैरे सगळं रामायण. माणूस जगात आल्याची बातमी बापाआधी किल्लीबाईंच्या बोटांना कळायची. गळ्यात खोलीची, कपाटाची, जिन्यातल्या जाळीच्या दाराची अशा किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून हे नाव पडलेलं. पण खरी किल्ली त्या जुडग्यात नव्हतीच. मशीनची डिस्क कुलूपबंद होती आणि ते कुलूप उघडणारं वाक्य फक्त त्यांच्या डोक्यात होतं. अकरा वर्षं रोज सकाळी त्यांनी ते टाकलं होतं. एकदा तर एकशे दोन ताप असताना रिक्षा करून आल्या, वाक्य टाकलं आणि त्याच रिक्षानं परत जाऊन झोपल्या.

“उद्या तुम्हाला काही झालं तर?” असं वरच्या कार्यालयातून कोणीतरी विचारलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आज ही चष्मेवाली आली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, पाठीला पोत्याएवढी बॅग, पायात धावायचे बूट. हुद्दा तपासनीस, पण दिसायची सहलीला निघालेली.

“ताई, एक विचारू?” ती म्हणाली. “वाक्य मागायच्या आधी स्क्रीनवर एक ओळ आली. ती काय होती?”

किल्लीबाईंचा चेहरा सैल झाला. ती ओळ त्यांची आवडती होती. सुरू होताना त्या स्क्रीनला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, पण भाषा घरचीच होती: ‘आलीस? बस. दमली असशील.’

“मास्तरांनी घातलीय ती. माझ्या आधी इथे होते. हे मशीन त्यांनीच उभं केलं, ते चालवणारं लिनक्स आपलं आपण शिकले, मलाही शिकवलं. आमची लिफ्ट तब्येत असेल तेव्हाच चालते. मी रोज तीन जिने चढून धापा टाकत यायचे, म्हणून गंमत केली त्यांनी.” मग गंमत पुरेशी वाटली नाही म्हणून त्यांनी पुढे जोडलं, “खूणसुद्धा आहे ती. मास्तर सांगून गेलेत, ही ओळ दिसली तर मशीन आपलं. नाही दिसली तर हात लावायचा नाही.”

“गेलेत म्हणजे?”

“गेलेतच. सहा वर्षं झाली.”

चष्मेवालीनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग म्हणाली, “ताई, वीस मिनिटं चहा घेऊन याल? मला मशीन एकदा बंद करून तपासायचंय. वाक्य नकोय मला.”

वाक्य नको म्हणाली, म्हणून किल्लीबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, खिडकीची कडी ओढून पाहिली, परत दारापर्यंत गेल्या.

“जा हो,” चष्मेवाली हसली. “मी मशीन पळवणार नाही. जड आहे.”

खाली उपाहारगृहात चहा आला, पण तो पिण्यात मन लागेना. एवढ्यात फोन वाजला. घरची भवानी होती, वय वर्षं सोळा.

“आई, रिपोर्ट देते. गॅस बंद. नळ बंद. दार ओढून बघितलं, दोनदा. आता मी शाळेत गेले तर चालेल का, की अजून एकदा गॅस बघू?”

“बघ.”

“आई!”

“बरं, जा.”

“आणि ती बाई आली का? वाक्य सांगितलंस का तिला? माझंच नाव आहे ना त्यात?”

“तुझं नाव ठेवायला मला वेड लागलंय का? अख्ख्या गल्लीला पाठ आहे ते. दिवसातून पन्नास वेळा मीच ओरडते.”

“मग काय आहे?”

“शाळेत जा,” म्हणून किल्लीबाईंनी फोन ठेवला. चहावर साय धरली होती. तो तसाच सोडून त्या तीन जिने चढल्या. वीसची पंधरा मिनिटंच झाली होती, पण चष्मेवाली हाताची घडी घालून उभीच होती.

“करा सुरू,” ती म्हणाली आणि आपणहून भिंतीकडे वळली.

बटण दाबलं. काळी स्क्रीन. ‘आलीस? बस. दमली असशील.’ किल्लीबाई बसल्या, पंख पसरले, वाक्य टाकलं. मशीन उघडलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

“झालं की. काय तपासलंत मग?”

चष्मेवालीनं मशीनवर चार-दोन बटणं दाबून एक इवलीशी फाईल उघडली आणि अपराधी चेहऱ्यानं, पण ठणठणीत आवाजात वाचलं, “मुलगी दोन किलो शंभर चार दहा.”

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी टूं टूं करत होती. ते टूं टूं संपेपर्यंत किल्लीबाई गळ्यातला जुडगा चाचपत राहिल्या. अकरा वर्षं ते वाक्य त्यांच्या बोटांतून गेलं होतं, ओठांतून एकदाही नाही. आणि आज ते एका परक्या मुलीच्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं खोलीत येऊन पडलं.

“तुमचं वाक्य चांगलंय, ताई. नोंदीच्या नमुन्यात आहे, लांब आहे, कोणाला सुचणार नाही. चूक तुमची नाही. मी फक्त दाखवलं की—”

“पुसा ते.”

“पुसतेच आहे. हे बघा, तुमच्यासमोर.”

“तुम्हाला कसं मिळालं? भिंतीत आरसा आहे का?”

मग चष्मेवालीनं खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. मशीन सुरू होतं तेव्हा सगळ्यात आधी कर्नल, म्हणजे सगळं मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम, जागा होतो. तो खरा कारभारी. तो अस्सल आहे की नकली, हे मशीन तपासून घेतं. पण कारभारी जागा होतो तेव्हा डिस्क कुलूपबंद असते, त्याच्या हाताशी काहीच सामान नसतं. म्हणून त्याच्यासोबत एक छोटं गाठोडं दिलेलं असतं, सुरुवातीची बूट इमेज. वाक्य मागायचं, कुलूप उघडायचं, मग बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम.

“माहीत आहे,” किल्लीबाई तुटकपणे म्हणाल्या. “मास्तर तिला शिदोरी म्हणायचे. कर्नलची शिदोरी.”

“वा, छान शब्द आहे. तर ताई, कारभाऱ्याची झडती होते, शिदोरीची होत नाही. ती इथेच, याच मशीनवर बांधली जाते आणि डिस्कच्या उघड्या भागात पडून असते. मी माझ्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, शिदोरी सोडली, तीन ओळी कालवल्या आणि परत गाठ मारली. मास्तरांची ओळ तशीच ठेवली. तुम्ही वाक्य टाकलंत, तिनं ते कुलपालाही दिलं आणि एका कागदावरही उतरवून घेतलं.”

“पण ओळ तर आली होती.”

“ओळ कोणीही ठेवू शकतं, ताई.”

किल्लीबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, कपाटाशी आल्या, कपाटाची किल्ली फिरवून पाहिली, ते बंदच होतं, परत खिडकीशी गेल्या. डोकं मागे मागे पळत होतं. अकरा वर्षांत या खोलीत एकटं कोण कोण बसलं होतं? रंगारी आले होते, तीन दिवस. पंखा दुरुस्त करणारा आला होता आणि त्याला चहा आणायला त्या स्वतःच खाली गेल्या होत्या. बदलीवर आलेला तो गोडबोल्या पहारेकरी, जो “बाई, तुम्ही जा निवांत, मी आहे” म्हणायचा. निवांत गेल्या होत्या त्या.

“आधी कोणी केलं असेल असं? कळेल का तुला?” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

“आत्ता मी उघडली तेव्हा त्यात मास्तरांच्या ओळीशिवाय काही वावगं नव्हतं. पण कोणी करून, वाक्य घेऊन, परत जसंच्या तसं ठेवलं असेल, तर कळायला मार्ग नाही.”

“कळायला मार्ग नाही,” किल्लीबाई पुटपुटल्या आणि खोलीबाहेर पडल्या.

पायाला भिंगरी लागावी तशा त्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिल्या. मशीनमध्ये वजनं आणि वेळा तर होत्याच, पण कपाळावर हात मारून घ्यावा असंही बरंच काही होतं. कोणाच्या नवऱ्याला माहीत नसलेलं, कोणाच्या सासूला कधीच कळू नये असं. पाच वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, आजच्या भवानीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. बाळ दुसऱ्यांच्या हाती देऊन निघाली तेव्हा तीन जिने चढून वर आली होती, तशा अवस्थेत, कठड्याला धरून धरून. “माझं नाव इथून बाहेर जाणार नाही ना?” एवढंच विचारायला. किल्लीबाई म्हणाल्या होत्या, “माझ्या हातात किल्ली आहे तोवर नाही.” ती पोर तेवढ्या शब्दावर जिना उतरून गेली होती. आता किल्ली हातात होती की चाळणी, हेच कळत नव्हतं.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टर. त्यांच्या टेबलावर चष्मेवालीचा छापील कागद होता. वरच्या कार्यालयानं पाठवलेली नवी कुलूपव्यवस्था बसवली, तपासली, आणि खाली एक रकाना: ‘जबाबदार व्यक्तीची खात्री झाली.’

“सही करून टाका, बाई. चारला वर कळवायचंय,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“खात्री झालेली नाही.”

“अहो, ही शिकलेली मुलगी सांगतेय ना?”

“मास्तरही सांगत होते. मी डोळे मिटून ऐकलं. आता डोळे उघडे ठेवून बघू दे.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वीस वर्षांत किल्लीबाई त्यांच्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. “चारपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि दुसरी फाईल ओढली.

वर आल्यावर किल्लीबाईंनी खुर्ची चष्मेवालीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली. “सांग. तुझी नवी शिदोरी काय सोन्याची आहे?”

“सोन्याची नाही, मोहोरबंद आहे. ती इथे बांधतच नाहीत. मुख्य कार्यालयात बांधतात, कर्नल आणि ती एकत्रच, आणि वरून शिक्का मारतात. मशीन सुरू होताना आधी शिक्का तपासतं. आत एक अक्षर जरी बदललं तरी शिक्का जुळत नाही आणि मशीन तिथेच अडून बसतं. शिवाय मशीनच्या पोटात एक चिप आहे. काय काय सुरू झालं त्याची ती नोंद ठेवते. नोंद बरोबर असेल तरच ती डिस्कची किल्ली सोडते, नाहीतर गप्प राहते. म्हणून कोणी वाक्य टाकायचंच नाही. चोरायला वाक्यच उरत नाही.”

“आणि शिक्का मारणारा चोर निघाला तर?”

“तर फसलो,” चष्मेवाली सरळ म्हणाली. “कुठेतरी भरवसा ठेवावाच लागतो, ताई. पण आत्तापर्यंत तो रंगाऱ्यावर, पहारेकऱ्यावर, माझ्यावर, सगळ्यांवर होता आणि मोडला तरी दिसत नव्हता. आता एका जागी आहे, आणि इथे कोणी हात लावला तर दिसतं.”

हे उत्तर किल्लीबाईंना आवडलं. गोड नव्हतं म्हणून आवडलं. पण दुधानं तोंड पोळलेलं होतं, ताक फुंकल्याशिवाय कसं जाणार?

“मला मोडून बघायचंय,” त्या म्हणाल्या.

“बघा की. सुटी प्रत देते. आत काय हवं ते बदला.”

“आणि तू खाली जा. चहा घे. वीस मिनिटं.”

चष्मेवालीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग निमूटपणे उठली. दारात थांबून म्हणाली, “खिडकीची कडी मी बघितलीय.”

“जा.”

किल्लीबाईंनी कपाटातून मास्तरांची वही काढली. शाईच्या पेनानं लिहिलेली, ठळक अक्षरांची. शिदोरी कशी सोडायची, कशी बांधायची, पायरी पायरीनं. त्यांना ती पाठच होती, पण वही जवळ असली की धीर यायचा. नवीन गाठोडं जरा वेगळं होतं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा सुटलं. आत शेकडो बारक्या फायली होत्या, सगळ्या नीटनेटक्या, परक्या. आता यात घालायचं काय? चोर काय घालेल ते? त्यांना चोरासारखा विचार करता येईना. त्यांनी घातली ती एकच ओळ, जी त्यांना झोपेतसुद्धा लिहिता आली असती. ‘आलीस? बस. दमली असशील.’

गाठ मारली. वीसची पस्तीस मिनिटं झाली होती आणि चष्मेवाली दाराबाहेर जमिनीवर बसून बिस्किटं खात होती.

“ये,” किल्लीबाई म्हणाल्या. “बघू तुझा शिक्का.”

बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. काळीच राहिली. एका मनाला वाटत होतं, पकडू दे, पकडायलाच हवं. दुसरं मन, खुळं, म्हणत होतं, ओळखीचं माणूस आहे, एवढ्या वेळेपुरतं आत घे. मग एक ओळ उमटली, इंग्रजी, कोरडी. शिक्का जुळत नाही, सुरू करता येणार नाही. पंखा हळूहळू थांबला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबलं, तेच.

“काय घातलं होतंत?” चष्मेवालीनं विचारलं.

“ओळखीचंच होतं.” किल्लीबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. “तरी घेतलं नाही.”

चष्मेवालीची नजर उघड्या वहीवर गेली आणि तिला काय समजायचं ते समजलं. बिस्किटाचा पुडा तिनं हळूच बॅगेत घातला. “ताई, मी मुख्य कार्यालयात लिहू का? ते ही ओळ घालून शिक्का मारून पाठवतील. अवघड नाही.”

किल्लीबाईंनी जरा विचार केला. जराच केला. “नको. आज माझी ओळ, उद्या अजून कोणाची. शिदोरी हलकी असावी. हे मास्तरांचंच वाक्य आहे.” आणि कागद पुढे ओढून त्यांनी ‘खात्री झाली’च्या रकान्यात सही केली. पावणेचार झाले होते.

अस्सल प्रत परत जागेवर ठेवली. चिपला डिस्कची किल्ली दिली. अडीनडीसाठी मशीननं स्वतः बनवलेला लांबलचक अक्षरांचा तुकडा पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून, मोठ्या बाईंच्या तिजोरीत गेला. आता एकच काम उरलं होतं.

“जुनं वाक्य काढून टाकायचं,” चष्मेवाली म्हणाली. “नाहीतर नव्या दाराशेजारी जुनी खिडकी उघडी राहील. तुम्ही काढता की मी?”

“मी.”

किल्लीबाईंनी आज्ञा लिहिली. आणि मशीननं विचारलं: जी किल्ली काढून टाकायची आहे ती लिहा.

हे त्यांना माहीत नव्हतं. काढण्यासाठी ते परत लिहावं लागेल असं मास्तरांच्या वहीत कुठेच नव्हतं, कारण मास्तरांनी ते कधी काढलंच नव्हतं.

मशीन आलं त्या वर्षी जुन्या दहा वर्षांच्या वह्या दोघांनी मिळून टाइप केल्या होत्या. मास्तर वाचायचे, त्या टाइप करायच्या. एका दुपारी मास्तर वाचता वाचता थांबले, पान उलटं धरलं आणि म्हणाले, “जा, चहा घेऊन ये. हे पान मी करतो.” त्या पानावरची एक नोंद मास्तरांनीच, मशीन येण्याच्या सात वर्षं आधी, वहीत लिहिली होती. मुलगी, दोन किलो शंभर, चार दहा. शेवटच्या रकान्यात त्याच दिवसाची दुसरी एक वेळ होती. आईच्या नावाच्या जागी किल्लीबाईंचं नाव होतं. किल्लीबाई चहा घेऊन परत आल्या तेव्हा पान झालेलं होतं. त्याच आठवड्यात डिस्कला कुलूप घातलं आणि मास्तर म्हणाले, “असं वाक्य निवड जे तू विसरणार नाहीस,” आणि भिंतीकडे वळून उभे राहिले.

चष्मेवालीही आता भिंतीकडे वळली होती. न सांगता.

किल्लीबाईंनी या वेळी खांदे पसरले नाहीत. सरळ बसून, एकेक अक्षर बघत, सावकाश लिहिलं. शेवटचं बटण जोरात दाबलं नाही. मशीन क्षणभर थांबलं आणि काही न बोलता पुढच्या ओळीवर आलं. झालं होतं.

“एकदा बंद करून सुरू करू?” चष्मेवाली म्हणाली.

मशीन बंद झालं, सुरू झालं. काळी स्क्रीन आली आणि किल्लीबाईंचे हात आपोआप कीबोर्डवर गेले. कोणी काही विचारलं नाही. पांढऱ्या ओळी सरकल्या, पंखा घरघरला, नोंदीचं पान उघडलं. हात तसेच राहिले, वाढलेलं ताट समोरून उचलल्यावर राहतात तसे.

चष्मेवालीनं पोत्याएवढी बॅग पाठीवर घेतली. दारातून म्हणाली, “ताई, मी बरीच मशीनं केली. शिदोरी मोडून बघणारं पहिलंच माणूस भेटलं.”

“लिफ्टनं जाऊ नकोस,” किल्लीबाई म्हणाल्या. “अडकशील.”

संध्याकाळी फाटकाशी भवानी उभी होती. क्लास लवकर सुटला म्हणाली, पण तो सुटला होता की हिनं सोडला होता, देव जाणे. शेजारी चालता चालता तिनं आईची पिशवी ओढून घेतली आणि दिवसभराचं सगळं, मैत्रिणीची कट्टी, बाईंचं रागावणं, बाकाखाली सापडलेलं उंदराचं पिल्लू, एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाली, “आणि तुझं? गेलं का वाक्य?”

“गेलं.”

“मग आता तरी सांग. आता काय त्याचा उपयोग? माझंच काहीतरी होतं ना? खरं सांग.”

वळणावर रिकामा बाक होता. किल्लीबाई बसल्या. रोज त्या इथे बसत नसत.

“मुलगी, दोन किलो शंभर, चार दहा,” त्या म्हणाल्या. स्वतःच्या आवाजात ते कसं वाटतं हे त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं.

“मी तर तीन किलोच्या वर होते.”

“तू तीन किलो दोनशे. भर दुपारी. सगळ्या सिस्टर जेवायला बसल्या होत्या, त्यांना उठवलंस.”

भवानी हसली आणि मध्येच थांबली. असं घरात काहीतरी आहे हे तिला माहीत होतं. बंद कपाटात काय असेल ते पोरांना जसं माहीत असतं, तेवढंच.

“किती दिवस होती?” तिनं विचारलं.

“अकरा तास.”

भवानीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, “चार दहा पहाटेचे की दुपारचे?”

“पहाटेचे.”

“बरं,” भवानी म्हणाली, लक्षात ठेवायचं असल्यासारखं.

घरी पोचल्यावर किल्लीबाईंनी गॅस पाहिला, नळ पाहिला, दार ओढून पाहिलं. मागोमाग जाऊन भवानीनंही एकदा दार ओढून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन जिने चढून धापा टाकत किल्लीबाई खोलीत आल्या. पहाटे वीज जाऊन आली होती, त्यामुळे मशीन कधीच सुरू होऊन बसलं होतं. नोंदीचं पान उघडं, कर्सर लुकलुकत होता. त्यांनी जुडगा खुंटीला अडकवला, कीबोर्ड फडक्यानं पुसला, खुर्ची ओढली. आलेय आणि दमलेय, हे सांगायचं कोणाला हे न कळून त्या जरा वेळ उभ्याच राहिल्या. मग बसल्या.

फोन वाजला.

“किल्लीबाई, मशीन उघडलं का?” खालून सिस्टरनं विचारलं.

“उघडंच आहे. सांगा.”

“मुलगी. दोन किलो नऊशे. सहा पाच.”

“मुलगी,” किल्लीबाईंनी मोठ्यानं म्हणत टाइप केलं, “दोन किलो नऊशे, सहा पाच. हं, आईचं नाव?”